महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे लसीकरण : पाचव्या वर्षानंतर विसरलेली पत्रिका

बेळगावात टिळकवाडीतील 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव ठाऊक नसलेला माणूस मिळणे कठीण. सकाळी फिरावयास जाणाऱ्या ज्येष्ठांना तेथील झाडी प्रिय, तरुणांना तेथील मैदान. मात्र हे नाव का पडले, हे नव्या पिढीस सहसा सांगता येत नाही. तेथील संस्थेत एके काळी देवीची लस तयार होत असे. देवी निर्मूलनाच्या मोहिमेसाठी थंडीत सुकवलेली, उष्ण हवेतही टिकणारी लस भारतात चार ठिकाणी बनत होती : मद्रासचे गिंडी, हैदराबाद, नैनितालजवळील पटवाडांगर आणि आपले बेळगाव. मे १९७५ मध्ये देशांतर्गत लागणीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. माझ्या वयाच्या मंडळींच्या हातावर देवी टोचल्याचा वण आहे. आमच्या मुलांच्या हातावर तो नाही, कारण त्याची गरजच उरली नाही.

या इतिहासातील एक गोष्ट आज मुद्दाम आठवण्याजोगी आहे. देवी टोचणारा कर्मचारी घराच्या दारात आला की तो केवळ तान्ह्या बाळाची चौकशी करीत नसे. रोगी सापडला की आसपासच्या घरांतील लहानथोर सर्वांना टोचले जाई. लस ही सर्व वयांच्या माणसांसाठी आहे, ही जाणीव त्या पिढीस होती. पुढे मात्र लसीकरण म्हणजे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा विषय, असे समीकरण आपल्या मनात रुजले. शाळेत प्रवेश झाला की लसीकरणाचे कार्ड जन्मदाखल्याबरोबर कपाटात जाते आणि तेथेच राहते.

गेली पंचवीसहून अधिक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ही पोकळी मी जवळून पाहत आलो आहे. सोळा-सतराव्या वर्षी मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे येण्याचा संकोच वाटू लागतो. ओठावर मिसरूड फुटलेला मुलगा तान्ह्या बाळांच्या रांगेत बसावयास तयार नसतो. दुसरीकडे फिजिशियनकडे जाण्यासारखा आजार त्याला झालेला नसतो. अशा रीतीने सोळा ते बावीस या वयात तो कोणाचाच रुग्ण नसतो. नेमके याच वयात तो घर सोडतो, वसतिगृहात राहतो, खानावळीत जेवतो, अनोळखी पाण्याचा पेला तोंडाला लावतो आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागतो. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढाच की, घर सोडण्यापूर्वी त्याची एक भेट डॉक्टरांकडे व्हावी, राहिलेल्या लसी पूर्ण व्हाव्यात आणि त्याच्या आरोग्याची नोंद त्याच्या स्वतःच्या हाती सोपविली जावी.

आजच्या विद्यार्थ्याला काय मिळाले, काय राहिले?

आज अठरा ते बावीस वर्षांचे जे विद्यार्थी आहेत, त्यांचा जन्म लसीकरणाच्या एका संक्रमणकाळात झाला. राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांना बी.सी.जी., पोलिओ, त्रिगुणी आणि नवव्या महिन्यातील गोवराची लस बहुधा मिळाली. हिपॅटायटिस बी ची लस मात्र सरकारी कार्यक्रमात २००२ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०११ च्या सुमारास देशभर पोहोचली. म्हणजे ज्यांचे लसीकरण खासगी दवाखान्यात झाले, त्यांना ती मिळाली असण्याचा संभव अधिक. ज्यांचे सरकारी केंद्रात झाले, त्यांच्याबाबत जन्मवर्ष आणि जन्मस्थळ पाहूनच उत्तर द्यावे लागते.

गोवराच्या दुसऱ्या मात्रेचेही असेच. ती राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० पासून येऊ लागली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, गोवा, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील सर्व मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. त्या वेळी शाळेत असलेली मुले आज महाविद्यालयात आहेत. बहुतेकांना ती लस मिळाली; परंतु भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या अफवांना भिऊन काही पालकांनी मुलांना त्या दिवशी घरीच ठेवले, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. शाळेत मिळालेली लस गोवर आणि रुबेला या दोनच रोगांची होती. गालफुगीचा तिच्यात समावेश नव्हता आणि राष्ट्रीय कार्यक्रमातील नियमित लसीतही तो नाही. २०२३-२४ मध्ये केरळसह अनेक राज्यांत गालफुगीचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, त्याचे एक कारण हेच. बालपणी गालफुगी बहुधा सौम्य असते. तारुण्यात मात्र मुलांमध्ये वृषणदाह होऊ शकतो, तसेच मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा कायमचा बहिरेपणाही क्वचित संभवतो.

गंमत अशी की, याच मुलांकडे एका लसीचे प्रमाणपत्र मात्र भ्रमणध्वनीत जपलेले असते. ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयोगटास आणि १६ मार्च २०२२ पासून बारा ते चौदा वयोगटास कोविडची लस मिळू लागली. त्यांतील थोरल्या मुलांनी स्वतः नोंदणी केली, वेळ ठरविली, प्रमाणपत्र उतरवून घेतले. याचा अर्थ ही पिढी आपली नोंद सांभाळण्यास असमर्थ नाही. बाकीच्या डझनभर लसींची नोंद तिच्या हाती कोणी दिलीच नाही, एवढेच.

कोणत्या लसींचा विचार करावा?

१. धनुर्वात व घटसर्प : दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टी.डी. ची मात्रा द्यावी, असे राष्ट्रीय वेळापत्रक सांगते. पूर्वीच्या टी.टी. ची जागा आता टी.डी. ने घेतली आहे. हा बदल केवळ नावाचा नव्हे. बालपणातील त्रिगुणी लसीने घटसर्पाविरुद्ध मिळालेले संरक्षण वर्षांगणिक ओसरते आणि हा रोग आपल्या देशात शाळकरी व किशोरवयीन मुलांत पुन्हा दिसू लागला आहे. सोळाव्या वर्षाची मात्रा राहिली असल्यास ती आता घ्यावी. त्यानंतर दर दहा वर्षांनी एक पुरे. लोखंड लागले की दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घेण्याची आपल्याकडील रूढी अनावश्यक आहे. गंजाने धनुर्वात होत नाही. माती-शेण यांतील जंतू खोल जखमेत शिरल्याने तो होतो.

२. हिपॅटायटिस बी : नोंद नसल्यास तीन मात्रा घ्याव्यात : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. वैद्यकीय, दंतवैद्यकीय, परिचर्या आणि प्रयोगशाळा-तंत्र शाखेच्या विद्यार्थ्यांना ही लस वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी हवी. त्यांनी तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणीही करून घ्यावी. प्रमाण दहा एककांहून कमी आढळल्यास पुन्हा मात्रा लागतात.

३. एम.एम.आर. : गोवर, गालफुगी व रुबेला यांसाठी एकूण दोन मात्रांची नोंद असावी. नसल्यास किमान चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण कराव्यात. मुलींच्या बाबतीत रुबेलाचे महत्त्व विशेष. गरोदरपणाच्या प्रारंभी रुबेला झाल्यास बाळास मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयदोष होऊ शकतो. हा संबंध नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने १९४१ मध्ये प्रथम दाखवून दिला. ही लस गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून ती विवाहाच्या कितीतरी आधी, विद्यार्थिदशेतच उरकणे श्रेयस्कर.

४. एच.पी.व्ही. : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण असलेल्या विषाणूविरुद्धची ही लस. हा संबंध सिद्ध करणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या सीरम संस्थेच्या भारतीय लसीस २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा वर्षे हे तिचे सर्वोत्तम वय. परंतु ते निसटले म्हणून दार बंद होत नाही. पंधरा ते सव्वीस वर्षांपर्यंत आपल्याकडील प्रचलित पद्धतीप्रमाणे तीन मात्रा द्याव्यात : आज, एक ते दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये वीस वर्षांपर्यंत एक किंवा दोन मात्रांचाही पर्याय मान्य केला आहे. ही लस मुलांनाही देता येते. लस घेतली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी टळत नाही, हेही सांगावे.

५. विषमज्वर : घराबाहेर जेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी टायफॉइडच्या संयुग्म लसीची एक मात्रा उपयुक्त आहे. टायफॉइडचे जंतू औषधांना दाद देईनासे होत असताना प्रतिबंधाचे मोल वाढले आहे. लस घेतली म्हणून रस्त्यावरच्या बर्फाच्या गोळ्यास अभय मिळत नाही, ही सूचना मात्र सोबत द्यावी.

६. हिपॅटायटिस ए : स्वच्छ पाणी पिऊन वाढलेल्या आजच्या मुलांना बालपणी या विषाणूचा संसर्ग होत नाही. तो प्रथम होतो तो वसतिगृहात, आणि वय जितके अधिक तितकी ही कावीळ अधिक त्रासदायक. निष्क्रिय लसीच्या सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा किंवा जिवंत क्षीण लसीची एक मात्रा घेता येते.

७. कांजिण्या : ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत व लसही मिळालेली नाही, त्यांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्यात. तारुण्यातील कांजिण्या फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतात, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर वसतिगृहात एकाला झाल्या की साऱ्या मजल्याचे वेळापत्रक कोलमडते.

८. विशेष परिस्थिती : दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी. पशुवैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी. इतरांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे : कुत्रे चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

बी.सी.जी. ची लस या वयात पुन्हा घ्यावयाची नाही. दंडावर वण दिसत नाही म्हणून काही पालक चिंता करतात. ती अनाठायी आहे. क्षयरोगाबाबत विद्यार्थ्याने एकच नियम पाळावा : दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी. ती सरकारी केंद्रात विनामूल्य होते.

सर्वच कुटुंबांना या सर्व लसी एकदम परवडतील असे नाही. माझ्याकडे विचारणा झाली की मी पुढील क्रम सांगतो : प्रथम टी.डी., जी सरकारी केंद्रात मोफत आहे. मग हिपॅटायटिस बी व एम.एम.आर.; त्यानंतर मुलींसाठी एच.पी.व्ही.; आणि मग टायफॉइड, कांजिण्या व हिपॅटायटिस ए. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यासाठी हिपॅटायटिस बी सर्वांत आधी. पैसे अपुरे आहेत म्हणून काहीच न घेणे, हा मार्ग नव्हे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'मधली मात्रा चुकली, आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?' नाही. ज्या मात्रा झाल्या त्या मोजल्या जातात. राहिलेल्या पुढे पूर्ण करावयाच्या. अंतर वाढले तर चालते, किमान अंतराहून कमी झाले तर चालत नाही.

'कार्ड हरवले आहे, काय करावे?' नोंद नसेल तर लस झाली नाही असे धरून पुढे जावे. पूर्वी झालेली एम.एम.आर. किंवा हिपॅटायटिस बी पुन्हा दिली गेली तरी अपाय होत नाही. ज्यांना परवडेल त्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करावी.

'एकाच दिवशी इतक्या सुया?' वेगवेगळ्या जागी दिल्यास चालते. एम.एम.आर. आणि कांजिण्या या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्याव्यात किंवा मध्ये चार आठवडे जाऊ द्यावेत. या वयात सुईच्या धसक्याने भोवळ येण्याचा संभव असतो. म्हणून बसवून वा निजवून टोचावे आणि पंधरा मिनिटे बसवून ठेवावे. उंचापुऱ्या, व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर विशेषच!

'लग्नाआधी ही लस कशाला?' हा प्रश्न एच.पी.व्ही. बाबत असतो आणि तो बहुधा माता दबक्या आवाजात विचारतात. उत्तर सरळ आहे. कोणतीही लस संसर्गाच्या आधी द्यावयाची असते. गोवर होऊन गेल्यावर गोवराची लस कोणी देत नाही. ही लस मुलीच्या वर्तनाविषयी काहीही सांगत नाही. तिने वंध्यत्व येते, ही निव्वळ अफवा आहे. माझा परिपाठ असा की, मातेचे समाधान झाल्यावर मी मुलीशी स्वतंत्रपणे, परिचारिकेच्या उपस्थितीत बोलतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचा निर्णय तिचा स्वतःचा आहे, आणि तिने तो समजून-उमजून घ्यावा.

परदेशी जाणारे विद्यार्थी

दरवर्षी मे-जून महिन्यांत एक दृश्य ठरलेले असते. अमेरिकेतील विद्यापीठाचा छापील तक्ता घेऊन वडील येतात, प्रस्थानास पंधरवडा उरलेला असतो. एका परिचित गृहस्थांचे बोलणे अजून माझ्या कानांत आहे. "डॉक्टर, लहानपणी तुम्हीच याला टोचलंत. तारखा तेवढ्या घालून द्या की." मी म्हणालो, "जे मी टोचलं आणि ज्याची नोंद आहे, ते सगळं लिहून देतो. जे टोचलं नाही, त्याची तारीख कुठून आणू?" त्यांना ते रुचले नाही. मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, "डॉक्टरकाका, आजपासून काय काय घेता येईल ते सांगा." त्या दिवशी दोन लसी झाल्या, रक्ताचे नमुने गेले आणि उरलेले वेळापत्रक त्याच्या हाती दिले.

खोट्या तारखेने कागद पुरा होतो, शरीर नव्हे. परक्या देशातील वसतिगृहात गोवराची साथ आली, तर ज्या विद्यार्थ्याच्या कागदावर संरक्षण आहे आणि रक्तात नाही, त्याला सावध करणारा तेथे कोणी नसतो. आपल्या व्यवसायबंधूंना माझी नम्र विनंती आहे की, ओळखीच्या भिडेस बळी पडून हा तक्ता भरू नये.

या तक्त्यांबाबत तीन गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. पहिली : अमेरिकेतील नियमाप्रमाणे एम.एम.आर. ची पहिली मात्रा वयाच्या पहिल्या वाढदिवसानंतरची असावी लागते. आपली नवव्या महिन्यातील गोवराची मात्रा तेथे मोजली जात नाही. शाळेतील गोवर-रुबेला लसीतही गालफुगी नसल्याने ती अपुरी ठरते. दुसरी : वसतिगृहात राहणाऱ्यांकडून अनेक विद्यापीठे मेंदूज्वराच्या चतुर्गुणी मेनिंगोकॉकल लसीची मागणी करतात, सोळा वर्षांनंतर तिची एक मात्रा घ्यावी. तिसरी : बालपणी बी.सी.जी. घेतलेल्यांची मॅन्टू चाचणी त्या लसीमुळेही सकारात्मक येऊ शकते. अशा वेळी इग्रा ही रक्तचाचणी अधिक उपयोगी, कारण बी.सी.जी. चा तिच्यावर परिणाम होत नाही. हिपॅटायटिस बी चे वेळापत्रकच सहा महिन्यांचे आहे. म्हणून परदेशाचा विचार मनात आला की त्याच महिन्यात डॉक्टरांना भेटावे, व्हिसा मिळाल्यावर नव्हे.

सुईखेरीज आणखी काही

बेळगाव हे विद्येचे गाव आहे. येथे १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे. आपली मुले पुणे, कोल्हापूर, बेंगळुरूकडे जातात आणि परगावची मुले आपल्याकडे येतात. त्यांच्या भेटीत लसीबरोबरच उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी आणि हिमोग्लोबिन पाहावे. मुलींत बाराच्या खाली व मुलांत तेराच्या खाली हिमोग्लोबिन असल्यास तो रक्तक्षय होय. न्याहारी टाळणाऱ्या आणि चहावर दिवस काढणाऱ्या मुलीचा थकवा हा आळस नसून रक्तक्षय असू शकतो. भाकरी, उसळ, पालेभाजी, वर लिंबू, आणि चहा जेवणानंतर तासाभराने, एवढे तर कोणत्याही खानावळीत साधता येते.

कावीळ झालेल्या विद्यार्थ्यास 'उतरविण्यासाठी' गावोगाव हिंडवू नये. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतांश रुग्णांत आपोआप बरी होते, म्हणूनच माळेला आणि मंत्राला यश मिळाल्यासारखे वाटते. ज्या थोड्यांचे यकृत खरोखर निकामी होत असते, त्यांचे मोलाचे दिवस या हिंडण्यात जातात. सतत उलट्या, असंबद्ध बोलणे, अतिझोप किंवा रक्तस्राव दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वैद्यकीय व परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना. वापरलेली सुई टोचली तर जखम साबण व पाण्याने धुवावी, पिळू नये आणि लगेच वरिष्ठांस कळवावे. ओरडा बसेल या भीतीने ही गोष्ट लपविणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. हिपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्यास इम्युनोग्लोब्युलिन शक्य तो चोवीस तासांच्या आत हवे. ओरडा ऐकून घेता येतो, वेळ परत मिळत नाही.

आणि शेवटी मनाची चौकशी. झोप कशी आहे, मित्र आहेत का, अभ्यासाचे ओझे पेलते का, तंबाखू-गुटखा-मद्य यांची गाठ पडली आहे का, हे पालकांना बाहेर बसवून, उपदेशाचा सूर न लावता विचारावे. 'जगावेसे वाटत नाही असे कधी मनात येते का?' हा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलावयास वाट मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. लसीच्या कागदाच्या मागे मी हा क्रमांक लिहून देतो.

घर सोडण्यापूर्वीची सहा महिन्यांची आखणी

पहिली भेट : जुने कार्ड शोधून आणणे, तपासणी, हिमोग्लोबिन, टी.डी. राहिली असल्यास ती; हिपॅटायटिस बी, एम.एम.आर. व एच.पी.व्ही. यांची पहिली मात्रा; गरजेप्रमाणे कांजिण्यांची पहिली मात्रा.

एक महिन्याने : हिपॅटायटिस बी व एम.एम.आर. यांची दुसरी मात्रा, त्याच दिवशी कांजिण्यांची दुसरी मात्रा, टायफॉइडची लस.

दोन महिन्यांनी : एच.पी.व्ही. ची दुसरी मात्रा, हिपॅटायटिस ए.

सहा महिन्यांनी : हिपॅटायटिस बी व एच.पी.व्ही. यांची तिसरी मात्रा. संपूर्ण नोंद, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह, विद्यार्थ्याच्या हाती.

गरोदर विद्यार्थिनी, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले वा स्टेरॉइड घेणारे विद्यार्थी आणि पूर्वी लसीची तीव्र ॲलर्जी झालेले यांनी हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

वाचक बंधू-भगिनींनो, यांपैकी काहीच अवघड नाही. बारावीची परीक्षा संपते आणि निकाल लागावयाचा असतो, ते मोकळे दिवस पहिल्या भेटीस सोयीचे. पालकांनी आज कपाट उघडून कार्ड काढावे, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते मुलाच्या भ्रमणध्वनीवर पाठवावे. डॉक्टर मित्रांनी आपल्याकडे लहानाचे मोठे झालेले मूल दहावी-बारावीत गेले की एकदा स्वतःहून आठवण करावी आणि त्याला पुढील फिजिशियनच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. आपल्या मंडळाने दरवर्षी जून महिन्यातील एक रविवार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासण्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी मी सकाळी नऊपासून दवाखाना उघडा ठेवीन.